तापलेला प्रोसेसर आणि घाईचं अनुमान

गेल्या दोन व्याख्यानांत आपण कारण आणि योगायोग यांत फरक कसा करायचा ते पाहत होतो. त्यानंतर एका श्रोत्यानं मला गाठून विचारलं, "सर, तुमचं उदाहरण नेहमी डोंगरावरच्या धुराचंच का? आमच्या घरातलं काहीतरी सांगा की." तक्रार रास्त आहे. म्हणून आज मी आमच्याच घरातलं उदाहरण घेऊन आलोय. त्यात चूक माझी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

माझ्या नातवानं एप्रिलमध्ये स्वतः डेस्कटॉप जुळवला. शिकवण्या करून साठवलेले पैसे आणि थोडी माझी भर. प्रोसेसर इंटेलचा कोअर आय५-१२४००, त्याच्याच खोक्यात मिळणारा कूलर. मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं, घरात पेढे वाटले. संध्याकाळी त्यानं व्हिडिओ रेंडर करायला लावला आणि दहा सेकंदांत तापमान १०० अंश सेल्सिअसला टेकलं. नुसतं बसलेलं असतानाही ६०. काम इतकं मंदावलं, की जुना लॅपटॉप बरा म्हणायची वेळ आली.

मी शेजारी बसलो होतो. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेला माणूस मी, लगेच निदान करून मोकळा झालो, "तू पेस्ट नीट लावली नाहीस." तो म्हणाला, "आजोबा, पण कूलर तर गार लागतोय." मी म्हटलं, "मग चांगलंच आहे की, कूलर काम करतोय." हे वाक्य लक्षात ठेवा. सगळी गडबड त्यात आहे.

आता आधी उष्णतेचा प्रवास समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. प्रोसेसर वीज खातो आणि ती जवळपास सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. या आय५ साठी कंपनीनं दिलेला मूळ आकडा ६५ वॅट आहे आणि टर्बोमध्ये तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. एक जुना पिवळा बल्ब ६० वॅटचा असायचा, त्याला हात लावलेला तुम्हाला आठवत असेल. तेवढी उष्णता इथे नखाएवढ्या सिलिकॉनमधून निघते. ती सिलिकॉनवरून वरच्या धातूच्या टोपीत जाते, टोपीवरून कूलरच्या तळात, तळातून ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांत, पंख्याच्या वाऱ्यानं पात्यांवरून कॅबिनेटमधल्या हवेत आणि कॅबिनेटमधून खोलीत. गावाला जाणाऱ्या एसटीसारखं आहे हे. थांबे ठरलेले. गाडी कुठे अडली ते शोधायचं, तर एकेका थांब्यावर चौकशी करायची.

पण त्याच्याही आधीचा प्रश्न: गाडी खरंच अडलीय का? प्रोसेसरचा आकडा मोठा दिसला म्हणजे बिघाड झाला, असं नाही. या आय५ ची कमाल मर्यादा १०० अंश आहे. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या नेहमीच्या प्रोसेसरांची ९५. त्यातले वरच्या दर्जाचे तर पूर्ण भार असताना ९५ वरच चालावेत असे बनवलेले आहेत, हे खुद्द कंपनीनं २०२२ मध्ये सांगितलं होतं. म्हणजे पूर्ण भारावर ८० किंवा ८५ दिसले तर घाबरण्याचं कारण नाही. मशीन काहीच करत नसताना ६०-७० दिसत असतील, किंवा काम सुरू होताच आकडा मर्यादेला जाऊन आदळत असेल, तर मात्र चौकशी करायची.

आणखी एक. तापमान नेहमी खोलीच्या तुलनेत वाचायचं. डिसेंबरमध्ये खोली २२ अंशांवर असते, एप्रिलच्या दुपारी ३५ वर. कूलर बिचारा खोलीपेक्षा थंड हवा आणणार कुठून? म्हणून प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचं तापमान वजा करा आणि त्याला वॅटनं भागा. एचडब्ल्यूइन्फोसारखा फुकट मिळणारा प्रोग्रॅम तापमान आणि वॅट दोन्ही दाखवतो. समजा खोली ३० अंश, प्रोसेसर ७०, आणि वीज ६५ वॅट. फरक ४० अंशांचा, म्हणजे दर वॅटमागे सुमारे ०.६ अंश. लहान कूलरला हे ठीक आहे. हाच भागाकार दीड-दोनच्या घरात गेला, तर वाटेत कुठेतरी खोळंबा आहे. उलट भागाकार ठीक आणि वॅटच भरमसाट असतील, तर कूलरचा दोष नाही. पुष्कळ मदरबोर्ड विजेची मर्यादा आपणहून सैल करून ठेवतात, ती बायोसमध्ये जाऊन कंपनीच्या आकड्यावर आणायची.

आता थांब्यांकडे येऊ. तीन साध्या गोष्टी पाहायच्या, त्यांना पैसे पडत नाहीत.

पहिली म्हणजे तापमान चढतं कसं. काम सुरू होताच काही सेकंदांत उसळी आणि काम थांबताच तितक्याच झटकन उतार, असं असेल तर अडथळा प्रोसेसरच्या अगदी जवळ आहे, टोपी आणि कूलरच्या मध्ये. उष्णतेला पात्यांपर्यंत पोचताच येत नाही. तापमान दहा-पंधरा मिनिटं हळूहळू चढत राहिलं, तर उष्णता पात्यांपर्यंत जातेय, पण कॅबिनेटमध्ये कोंडतेय.

दुसरी म्हणजे हात. मशीन बंद करा, पंखा थांबू द्या आणि लगेच पात्यांना बोट लावा. प्रोसेसर १०० वर होता आणि पाती जेमतेम कोमट? मग उष्णता त्यांच्यापर्यंत आलेलीच नाही. पाती चटका देतायत? मग आलीय, पण निघत नाहीये. पंखा फिरतोय का, त्याची वायर मदरबोर्डवर सीपीयू फॅन लिहिलेल्या जागीच लावलीय का, ते बघा.

तिसरी म्हणजे कॅबिनेटचं बाजूचं दार. ते काढून तेच काम पुन्हा करून बघा. तापमान ठळकपणे उतरलं, तर हवेचा रस्ता चुकलाय. पंखे उलटे बसलेत, सगळेच हवा आत ढकलतायत किंवा टेबल भिंतीला चिकटलंय. दार काढूनही काहीच फरक पडला नाही, तर पुन्हा आतल्या थांब्यांकडे वळायचं.

आता माझ्या त्या वाक्याकडे परत येतो. प्रोसेसर १०० वर, आणि "कूलर गार लागतोय." मुलानं पहिल्याच दिवशी निम्मं निदान हातात दिलं होतं. गार कूलर ही तक्रारीची बाजू होती, ती मी शाबासकीची समजलो.

पुढे काय झालं ते ऐका. त्यानं माझ्या सांगण्यावरून कूलर काढला, अल्कोहोलनं जुनी पेस्ट पुसली, नवी लावली. तापमान ९१ वर आलं. मी म्हटलं, "बघ!" अजून थोडं उतरावं म्हणून त्यानं तिसऱ्यांदा लावली, तर पुन्हा ९९. मी म्हटलं, "या वेळी जास्त झाली." तो गप्प बसला. दोन दिवसांत मी त्याला निष्काळजी ठरवलं होतं आणि वर दुकानदाराकडे जाऊन "तुम्ही खराब प्रोसेसर विकलात" म्हणून भांडायची तयारीही केली होती.

माझं अनुमान असं होतं: पेस्ट बदलली, तापमान उतरलं, म्हणून दोष पेस्टचा. दिसायला निर्दोष. आपल्या नैयायिकांनी अशाच अनुमानासाठी एक फार उपयोगी शब्द ठेवलाय, उपाधी. धुरावरून अग्नीचं अनुमान करता येतं. पण उलट, अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असं म्हणता येत नाही. तापवलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धुराला ओलं सरपण लागतं. ते ओलं सरपण म्हणजे उपाधी, आपण न मोजलेली, गुपचूप काम करणारी अट.

इथे उपाधी काय होती? पेस्ट बदलायची तर कूलर काढावा लागतो, आणि काढलेला कूलर पुन्हा बसवावा लागतो. मी म्हणत होतो एक गोष्ट बदलली, प्रत्यक्षात दर वेळी दोन बदलत होत्या: पेस्ट आणि कूलरची बैठक. जॉन स्टुअर्ट मिलनं १८४३ साली आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात व्यतिरेकाची रीत मांडली. दोन प्रसंग सगळ्या बाबतींत सारखे हवेत, फरक एकाच बाबीचा हवा. तरच त्या फरकाकडे बोट दाखवता येतं. ही रीत मी किती वर्षं फळ्यावर लिहिली असेल!

ती वापरली मुलानं. तिसऱ्या दिवशी त्यानं मशीन आडवं ठेवलं, दार उघडं ठेवून काम लावलं, आकडा ९९ वर. मग पंख्यापासून बोट लांब ठेवून त्यानं कूलरच्या चारही कोपऱ्यांवर आळीपाळीनं हलकाच दाब दिला. तीन कोपऱ्यांवर काही नाही. चौथ्यावर दाब पडताच आकडा घसरला: ९५, ८८, ८२. बोट काढलं की पुन्हा वर. पेस्ट तीच, पंखा तोच, खोली तीच. बदलला फक्त दाब.

या कूलरला चार प्लॅस्टिकच्या पिना असतात. त्या मदरबोर्डच्या भोकांत दाबून बसवायच्या, समोरासमोरच्या कोपऱ्यांची जोडी धरून, टक् आवाज येईपर्यंत. पिनेच्या डोक्यावर बाण असतो; त्या दिशेला फिरवलं की ती सुटते, म्हणजे बसवताना ती तशी फिरलेली असता कामा नये. आमची चौथी पीन अर्धवट फिरलेली होती. वरून बसल्यासारखी दिसायची, खाली पकडच नव्हती. पुष्कळ कॅबिनेटांत मदरबोर्डच्या मागच्या पत्र्याला खिडकी असते, तिथून पिनांची टोकं दिसतात. तीन टोकं पूर्ण बाहेर, एक आतच. त्यामुळे कूलर एका बाजूनं किंचित उचललेला आणि मधल्या फटीत हवा. स्थिर हवा उष्णतेला जवळपास भिंतच आहे. तिची उष्णतावाहकता दर मीटर, दर अंश ०.०२६ वॅट, चांगली पेस्ट तिच्या शंभर-दोनशे पट बरी, आणि तांबं ४०० च्या आसपास. पेस्टचं काम केसाएवढ्या खाचा भरण्याचं. तिरक्या बैठकीची फट ती भरू शकत नाही, कितीही लावा.

पेस्ट पुन्हा एकदा स्वच्छ करून, वाटाण्याएवढी लावून, चारही पिना नीट बसवल्या. खोली ३४ अंशांवर असताना पूर्ण भारावर ७९, आणि बसून असताना ४३. भागाकार करून बघा, ०.७ च्या आत येतो.

दोन प्रश्न आलेत, ते घेतो.

एकांनी विचारलंय, पाण्याचा कूलर असेल तर? तर्क तोच, थांबा एक वाढतो. मधल्या पंपाचा वेग बायोसमध्ये दिसतो. तो शून्य असेल तर पाणी जागचं हलत नाहीये. पंपाची वायर तपासा. आणि कुठलाही नवा कूलर असो, तळाला चिकटलेली पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म काढलीय ना, हे आधी बघा. ती विसरणारे पुष्कळ आहेत.

दुसरा प्रश्न, तीन दिवस १०० वर चालून प्रोसेसर जळला कसा नाही? २००१ साली टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळानं चालू मशीनवरचे कूलर उचलून दाखवले होते. तेव्हाचा एएमडी ॲथलॉन जळून गेला, पेंटियम ४ नं वेग कमी करून तग धरला. आजचे प्रोसेसर मर्यादेला पोचले की वेग उतरवतात, तरीही चढत राहिले तर मशीन बंद करतात. आमचं रेंडर रखडत होतं ते त्यामुळेच. म्हणून नुकसान झालं नाही. पण महिनोन् महिने तसंच चालवायचं, असाही याचा अर्थ नाही.

शेवटी एवढंच. प्रोसेसर शाबूत होता, दुकानदाराकडे जाऊन तोंडघशी पडायचं टळलं. नातवाला मी त्याच संध्याकाळी सांगितलं, "पेस्ट तू पहिल्यांदाच नीट लावली होतीस." तो हसला आणि म्हणाला, "आजोबा, ते तर कळायला मार्ग नाही. पहिली पेस्ट आपण पुसून टाकली ना." बरोबर होतं त्याचं. मी पुन्हा एकदा पुराव्याशिवाय निर्णय दिला होता, फक्त या वेळी त्याच्या बाजूनं.

पुढच्या वेळी आपण साक्षीच्या प्रश्नाकडे वळू: दुसऱ्याचं सांगणं ज्ञान केव्हा ठरतं? "कूलर गार लागतोय" हे वाक्य तिथेही लागेल.