अर्ध्या मिनिटात मालवणारा पडदा : कर्नलमधील वीजहिशेबाचा दोष

सुरतमधील कतारगाम हा हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कारखान्यांचा परिसर. हिऱ्याच्या मोजमापापासून कापणीपर्यंत या व्यवसायात आता संगणकीकृत यंत्रे आली आहेत, तर रत्नकलाकाराची मजुरी बहुधा नगावरच ठरते. यंत्र थांबले, की कमाईही थांबते. त्यामुळे यंत्राच्या पोटातील वीजनियंत्रण हा केवळ अभियंत्यांचा विषय राहत नाही.

अशा यंत्रांतील सर्किट बोर्डावर प्रोसेसर, मेमरी, पडदा यांना निरनिराळे व्होल्टेज लागते. ते पुरवणारा घटक म्हणजे रेग्युलेटर. तो केव्हा सुरू वा बंद करायचा, हे कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल ठरवतो. लिनक्स कर्नलमध्ये यासाठीची स्वतंत्र व्यवस्था २००८ साली २.६.२७ या आवृत्तीत आली. लियम गर्डवुड आणि मार्क ब्राउन हे तिचे प्रमुख शिल्पकार.

ही व्यवस्था हिशेबावर चालते. एखाद्या घटकाने वीज मागितली की नोंद वाढते, सोडली की घटते. नोंद शून्यावर आली की पुरवठा बंद होतो. यंत्र सुरू झाल्यावर सुमारे ३० सेकंदांनी, मागणीदार नसलेले रेग्युलेटर कर्नल बंद करतो. हेतू वीजबचतीचा, परंतु दोषही येथेच उद्भवतो. पडद्याचा पुरवठा बूटलोडरने आधीच सुरू केलेला असतो, पण ड्रायव्हरने मागणी नोंदवलेली नसते. पडदा उजळतो आणि अर्ध्या मिनिटात मालवतो. मग दोष तारेचा समजून चांगला बोर्डही बदलला जाण्याची शक्यता असते.

निदानासाठी ही आपोआप बंद करण्याची क्रिया तात्पुरती रोखतात. पडदा टिकला, तर कारण सापडले. रेग्युलेटर कायम सुरू ठेवणे हा सोपा उपाय, पण त्यात वीज वाया जाते. खरा उपाय म्हणजे डिव्हाइस ट्रीमध्ये पुरवठ्याची नोंद करणे आणि ड्रायव्हरला रीतसर मागणी करायला लावणे. दोष नव्या आवृत्तीत शिरला असेल, तर बदलांची यादी निम्मी-निम्मी करत तपासतात. हजार बदलांतून दोषी बदल सुमारे दहा चाचण्यांत हाती लागतो.

दुरुस्ती प्रथम मुख्य कर्नलमध्ये आणि नंतर स्थिर आवृत्त्यांत जाते. तथापि, उत्पादकाने अपडेट दिल्याशिवाय ती यंत्रापर्यंत पोहोचत नाही. म्हणून कतारगाममधील यंत्र असो वा गोव्यातील घरचा राउटर, खरेदी करतानाच विचारावे : अपडेट किती वर्षे मिळणार?