बंद पडलेले गवत कापायचे यंत्र आणि घरचा रोजगार

भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) हे पावसाचे आणि भाताचे तालुके. श्रावणात बांधावर गवत कमरेएवढे होते, दिवाळीच्या सुमारास इंद्रायणी भात कापणीला येतो. ही कामे पिढ्यान्‌पिढ्या विळ्याने झाली आणि विळा बहुतेक बाईच्याच हाती राहिला. आता पानशेत, भाटघरच्या पाण्याकाठी शहरातल्या लोकांची फार्महाऊस उभी राहिली आहेत. तिथल्या हिरवळीसाठी ढकलायचे लॉन मोअर आले, शेतकऱ्यांकडे खांद्याला अडकवायचे ग्रास कटर आले.

यंत्र आले की रोजाने कापणी करणाऱ्या आपल्या भगिनींची मजुरी घटते, हे खरे आहे. पण यंत्राला शिव्या देऊन ते थांबणार नाही. त्यापेक्षा यंत्र आपल्या घरात आणावे आणि ते दुरुस्त करण्याची विद्या आपल्या मुलामुलींनी शिकावी. नवे यंत्र मजुराच्या आवाक्यात नसते. बंद पडलेले मात्र कमी पैशांत मिळते, आणि बऱ्याचदा दोष किरकोळ असतो.

टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळावे लागते. कंपनीने ५०:१ प्रमाण सांगितले असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. नुसते पेट्रोल घातले की पिस्टन जाम होतो. म्हणून जुने यंत्र घेताना सायलेन्सर काढून आतला पिस्टन बघावा. त्यावर उभे ओरखडे असतील तर खर्च मोठा आहे, असे समजावे. पिस्टन गुळगुळीत असेल आणि दोरी ओढताना हाताला चांगला दाब लागत असेल, तर यंत्र घ्यायला हरकत नाही.

पुढे प्लग, एअर फिल्टर, पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटर या क्रमाने तपासावे. कापणीनंतर टाकीत पेट्रोल तसेच राहिले की त्याचा चिकट थर बसून कार्बोरेटरची बारीक छिद्रे बुजतात. २०२५ साली पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेले. इथेनॉल पाणी ओढते, त्यामुळे हंगाम संपताच टाकी रिकामी करणे अधिकच गरजेचे झाले आहे. पात्याला हात लावण्यापूर्वी प्लगची टोपी काढावी. यंत्र चालवताना चष्मा आणि बूट हवेतच, कारण पात्याने उडालेला खडा डोळा घेऊ शकतो.

आता हिशेब. समजा, यंत्र २,००० रुपयांना घेतले, सुटे भाग ८०० रुपयांचे, येण्याजाण्याचे २०० झाले. ३,५०० ला विकले तर ५०० रुपये सुटले, असे वाटते. पण दोन दिवस खपलात, त्याची मजुरी कुठे गेली? रोज ५०० धरला तर यंत्र ४,००० ला पडले, म्हणजे ५०० चा तोटाच. ही वही घरच्या बाईने ठेवावी. काय बदलले, काय जुनेच आहे, हे गिऱ्हाइकाला लिहून द्यावे. तालुक्याच्या गावी बाजार छोटा असतो, एकदा फसलेला माणूस चार गावांत सांगतो.

भांडवलासाठी १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी त्याच्या अनुदान आणि बीजभांडवल योजना आहेत. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि दुकानदाराचे दरपत्रक तयार ठेवून जिल्हा कार्यालयात चौकशी करावी.

शिरवळच्या कारखान्यात कंत्राटावर जाणाऱ्या तरुणांनी आधी एखाद्या जाणत्या मेकॅनिकच्या हाताखाली एक हंगाम काढावा. उन्हाळ्यात बंद यंत्रे गोळा करावीत आणि पावसाआधी दुरुस्त करावीत. एक यंत्र विकू नये, घरीच ठेवावे. कापणीला ते भाड्याने चालवले, तर विळ्याची गेलेली मजुरी त्याच घरात परत येईल.