पीळ सोडू नका

नेटवर्क केबलचं आवरण सोललं की आत आठ बारीक तारा दिसतात, दोन-दोनच्या जोडीनं एकमेकींना पिळलेल्या. सगळी करामत त्या पिळात आहे. जोडीतल्या दोन तारांतून एकच संदेश उलटसुलट जातो. बाहेरचा विद्युत गोंगाट मात्र दोघींवर जवळपास सारखाच चढतो. पलीकडचं यंत्र दोघींमधला फरक तेवढा वाचतं, म्हणून गोंगाट वजा होतो. ग्रॅहम बेल यांनी 1881 मध्ये टेलिफोनसाठी याच युक्तीचं पेटंट घेतलं होतं.

घरी पॅच केबल बनवताना म्हणूनच पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही. प्लगची खिटी खाली धरा आणि डावीकडून लावा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी फाकून मध्ये निळी बसते, हे नवख्याला खटकतं. तो दोन्ही टोकांना जोड्या सरळ ओळीनं लावतो. स्वस्त टेस्टरचे आठही दिवे लागतात, कारण तारा जागच्या जागी पोचलेल्या असतात. पण ज्या 3 आणि 6 क्रमांकांवरून एकच संदेश जातो, तिथं आता दोन वेगळ्या जोड्यांतल्या तारा आल्या. पिळाचा उपयोग संपला. नेट चालतं, रखडतं, आणि दोष राउटरला मिळतो.

क्रिंप करण्याआधी बाहेरचं आवरण प्लगच्या आत गेलंय ना, ते बघा. नाहीतर ओढ सगळी तारांवर येते. आणि केबल घेताना शुद्ध तांब्याचीच मागा. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार वाकवताना लवकर तुटते.