विश्लेषण : नळ आला, सांडपाणी जाणार कुठे?

मुंबईची तहान भागवणारी भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही याच तालुक्यात आहेत. त्यामुळे शहापूर-मुरबाडमध्ये पाण्याची चर्चा नळापाशीच थांबते. वापरलेल्या पाण्याचे काय होते, हे क्वचितच विचारले जाते.

सांडपाणी असे किती असणार?

जलजीवन मिशनचे उद्दिष्ट माणशी रोज ५५ लिटर आहे. म्हणजे पाच जणांच्या घरात २७५ लिटर पाणी येणार. त्यातील ढोबळमानाने दोन-तृतीयांश, सुमारे १८० लिटर, न्हाणी-मोरीतून बाहेर पडते. दोनशे घरांच्या गावात हा आकडा रोज ३६ हजार लिटर होतो. पाणी हंड्याने आणले जात होते, तोवर एवढे सांडपाणीच नव्हते.

गटार बांधले की झाले?

नाही, डबके फक्त खालच्या आळीत सरकते. गटार शेवटी ओढ्याला आणि ओढा नदीला मिळतो. भातसाचे पाणी धरणातून सोडल्यावर नदीच्या पात्रातूनच पिसे येथे पोहोचते आणि तेथे मुंबईसाठी उचलले जाते. मुरबाडची काळू पुढे उल्हास नदीला मिळते. मुंबईचे पाणी निदान शुद्ध होऊन नळाला येते. ओढ्याकाठच्या विहिरीवर कपडा लावून हंडा भरणाऱ्या पाड्याला ती सोय नाही.

मग उपाय काय?

घराजवळचा शोषखड्डा. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे करून गटारे आणि डास हटवले आणि तो 'नांदेड पॅटर्न' म्हणून ओळखला जाऊ लागला. साधारण चार फुटी खड्डा, मध्ये भोके पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड आणि आत येणाऱ्या पाण्याचा गाळ अडवणारी जाळी, एवढाच हा मामला.

पण नांदेडचा खड्डा इथे जसाच्या तसा चालेलच असे नाही. शहापूर-मुरबाडला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि खाली काळा पाषाण आहे. मुरूम असेल तिथे पाणी मुरते. खडक लागला तर खड्डा भरून वाहतो किंवा पाणी भेगांतून थेट विहिरीकडे जाते. श्रावणात भूजल वर येते तेव्हा तर खड्डाच पाण्यात असतो. म्हणून खड्डा खोदण्याआधी जमीन पाहावी, तो उथळ ठेवावा, विहिरीपासून जितका लांब तितका बरा. खडकाळ पाड्यावर न्हाणीचे पाणी अळू-केळीला सोडण्याची जुनी रीत आजही उत्तम आहे. टँकरच्या दिवसांत तर तेवढीच परसबाग हिरवी राहते.

शौचालयाचे पाणीही यातच सोडायचे?

मुळीच नाही. त्यासाठी दोन खड्ड्यांचे शौचालय आहे. एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा. पहिल्यातील मैल्याचे दीड-दोन वर्षांत खत होते. खरी अडचण सेप्टिक टँकची आहे. वासिंद-आसनगाव पट्ट्यात इमारती वाढल्या, मुरबाडकडे फार्महाऊस आली, तशा या टाक्याही वाढल्या. टाकीत मैला फक्त तळाशी बसतो. बाहेर पडणाऱ्या पाण्यात जंतू कायम असतात. ते पाणी उघड्या गटारात सोडणे म्हणजे हागणदारी पाइपातून पुढे ढकलणे. दोन-तीन वर्षांनी टाकी उपसावी लागते आणि उपसलेला मैला टाकायला प्रक्रिया केंद्र लागते. साताऱ्यातील वाई आणि नाशिकमधील सिन्नर या छोट्या नगरपालिकांनी टाक्या ठरलेल्या फेरीने उपसण्याची पद्धत बसवली. एकट्या ग्रामपंचायतीला हे झेपणार नाही. काही गावे आणि जवळची नगरपंचायत मिळून करू शकतात.

पैसा कोण देणार?

स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत तरतूद ठरली. त्यात ७० टक्के मिशनचे, ३० टक्के पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून. दीड हजार वस्तीच्या गावाला ही रक्कम ४ लाख २० हजार होते. शोषखड्ड्यांची मजुरी रोजगार हमीतून काढण्याचीही वाट होती. तेवढ्या पैशात काँक्रीटचे एक लांब गटार होते किंवा बऱ्याच घरांचे खड्डे. गटार उद्घाटनाला दिसते, खड्डा मातीखाली जातो. ग्रामसभेत आराखडा वाचला जाईल तेव्हा यातले काय लिहिले आहे, ते विचारता येते.