नदीचे मूळ आणि मतदाराचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ऋषींचे काय ते ऋषी जाणोत. नदीच्या बाबतीत मात्र हा उपदेश पाळणे गोमंतकीयांना आता परवडणारे नाही. म्हादईचे मूळ खानापूर तालुक्यातील देगावच्या रानात आहे, तो तालुका बेळगाव जिल्ह्यात मोडतो आणि तेथील मतदार कर्नाटकाचा आमदार निवडून देतो. पणजीसमोर मांडवी म्हणून मिरवणाऱ्या नदीच्या भवितव्याचा निर्णय करणारी बरीच मते अशा रीतीने घाटापलीकडे पडतात. या साध्या वस्तुस्थितीचा जितका विचार व्हावयास हवा होता तितका आपण केलेला नाही, हे कबूल केले पाहिजे.

निवडणूक जवळ आली की गोव्यातील झाडून सगळे पक्ष म्हादईचे नाव घेतात. जाहीरनाम्यात तिला आई म्हटले जाते, पर्वरीत एकमताने ठराव होतात आणि सभागृहाबाहेर एकमेकांवर दोषारोप सुरू होतात. दुसरीकडे, पर्यावरणाची खरी तळमळ असलेली माणसे राजकारणापासून सोवळी राहतात. मोर्चे काढावेत, न्यायालयात जावे, पण मते मागू नयेत, अशी त्यांची धारणा असते. ही धारणा प्रामाणिक असली तरी बरोबर नाही, असे आमचे मत आहे. पर्यावरणवाद्यांनी निवडणूक लढविली पाहिजे आणि म्हादईपुरते बोलायचे तर ती गोव्याइतकीच घाटावरही लढविली पाहिजे.

यात नवे काही नाही. १९८९च्या लोकसभा निवडणुकीत कन्नड साहित्याचे भीष्माचार्य शिवराम कारंत हे कारवारकडील मतदारसंघातून उभे राहिले होते. त्यांचे वय तेव्हा ८७ होते. ज्ञानपीठ पुरस्काराचा मान त्यांना मिळून चुकला होता आणि आणीबाणीच्या निषेधार्थ पद्मभूषण परत करून ते मोकळे झाले होते. मिळवावयाचे असे काही उरले नसलेला हा वृद्ध लेखक काळी नदीच्या काठी होऊ घातलेल्या कैगा अणुवीज प्रकल्पाला विरोध करण्यासाठी मतदारांपुढे गेला आणि पराभूत झाला. प्रकल्प थांबला नाही. परंतु १३ मे १९९४ रोजी बांधकाम चालू असतानाच कैगाच्या अणुभट्टीचा घुमट कोसळला, तेव्हा त्या वृद्धाचे बोलणे अनेकांना नव्याने आठवले असेल. पुढे आराखडा दुरुस्त करून काम पुरे झाले आणि २००० साली तेथे वीजनिर्मिती सुरू झाली. कारंत पडले, पण मतदारापुढे प्रश्न मांडण्याचे काम त्यांनी केले. आज खानापूर विधानसभा क्षेत्र त्याच उत्तर कन्नड लोकसभा मतदारसंघात आहे. म्हादईचा उगम ज्या मतदारसंघात आहे तेथे पर्यावरणाच्या नावाने मत मागण्याचा पायंडा असा आधीच पडलेला आहे.

पराभव ठाऊक असूनही उभे राहण्याची दुसरी गोष्ट तर बेळगावचीच आहे. १९९६च्या लोकसभा निवडणुकीत सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी महाराष्ट्र एकीकरण समितीच्या हाकेवरून शेकडो सीमावासीयांनी उमेदवारी अर्ज भरले आणि रिंगणात ४५६ उमेदवार राहिले. त्याच वेळी आंध्रातील नलगोंडा येथे ४८० उमेदवार उभे होते. तेथे प्रश्न भाषेचा नव्हता, पाण्याचा होता. जमिनीतील फ्लोराइडमुळे पिढ्यान् पिढ्यांची हाडे वाकत चाललेल्या गावांनी शुद्ध पाण्यासाठी निवडलेला तो मार्ग होता. मतपत्रिकेची पुस्तिका करावी लागली आणि निवडणूक यंत्रणा मेटाकुटीस आली.

या दोन्ही ठिकाणच्या लोकांना सरकारने दिलेले उत्तर बोलके आहे. लोकसभेसाठीची अनामत रक्कम ५०० रुपये होती, ती १९९६ सालीच १०,००० करण्यात आली. आज ती २५,००० आहे. अपक्षाला दहा सूचक लागतील अशीही तरतूद झाली. प्रश्न सुटला की नाही हे राहिले बाजूला, प्रश्न विचारण्याची फी मात्र वाढली! शेकडो उमेदवारांची निषेध म्हणून रांग लावण्याचा मार्ग त्यामुळे जवळजवळ बंद झाला. आता एकच उमेदवार, परंतु विचारपूर्वक निवडलेला आणि मागे संघटना असलेला, हाच मार्ग शिल्लक आहे. तामिळनाडूत कुडनकुलम अणुवीज प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनाचे नेते सु. प. उदयकुमार यांनी २०१६च्या विधानसभा निवडणुकीत ‘पच्चै तमिळगम’, म्हणजे हरित तामिळनाडू, या नावाचा पक्ष घेऊन राधापुरम येथे तो चोखाळला. तेही पडले.

पर्यावरणवादी पक्षाची भरभराट पाहावयाची तर युरोपकडे पाहावे लागते. पश्चिम जर्मनीत व्हील नावाच्या खेड्यातील द्राक्षबागाईतदारांनी १९७५ साली अणुवीज केंद्राची जागा अडवून धरली आणि ते केंद्र शेवटी झालेच नाही. ज्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात ते खेडे आहे तेथील विधानसभेत १९८० साली ‘ग्रीन’ पक्षाने प्रवेश मिळविला आणि २०११ साली त्याच राज्यात त्या पक्षाचा मुख्यमंत्री झाला. बागाईतदाराच्या बांधावरून मुख्यमंत्र्याच्या खुर्चीपर्यंतचा हा प्रवास ३६ वर्षांचा होता. तथापि दोन देशांतील फरक विसरून चालणार नाही. १९८३ साली जर्मन संसदेच्या निवडणुकीत या पक्षाला ५.६ टक्के मते पडली आणि तेवढ्यावर सभागृहात जागा मिळाल्या, कारण तेथे मतांच्या प्रमाणात जागा देण्याची पद्धत आहे. आपल्याकडे प्रत्येक मतदारसंघात ५.६ टक्के मते मिळविणाऱ्या पक्षाला एकही जागा मिळणार नाही. इतकेच नव्हे, एकषष्ठांश मते न पडल्याने त्याच्या यच्चयावत उमेदवारांची अनामत जप्त होईल. म्हणून आपल्याकडील पर्यावरणवादी उमेदवाराचे मोजमाप जागांवरून करता येत नाही. दुसऱ्या पक्षांना त्याने कोणत्या प्रश्नाचे उत्तर द्यावयास लावले, हे त्याचे खरे यश.

गोव्याचा अनुभवही हेच सांगतो. ‘प्रादेशिक आराखडा २०११’विरुद्ध लोक खवळून उठले आणि २००७च्या आरंभी सरकारला तो मागे घ्यावा लागला. विशेष आर्थिक क्षेत्रांचेही पुढे तेच झाले. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत ‘सेव्ह गोवा फ्रंट’ असे नाव धारण करून एक पक्ष पुढे आला आणि त्याला दोन जागा मिळाल्या. परंतु तो आंदोलकांचा नव्हता, मुरलेल्या राजकारण्यांचा होता. चळवळीने मोकळी सोडलेली जागा राजकारणात कधीही रिकामी राहत नाही, इतका बोध त्यातून घ्यावयास हरकत नाही.

आता म्हादईकडे वळू. जलतंटा लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला आणि कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी पाणी दिले. त्यांतील ३.९ टीएमसी कळसा आणि भांडुरा या नाल्यांतून मलप्रभेच्या खोऱ्यात वळवावयाचे आहे. लवाद, सर्वोच्च न्यायालय, केंद्रीय जल आयोग अशा सर्व पायऱ्या गोव्याने चढून पाहिल्या. पण जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी बेळगाव जिल्ह्यातील सभेत म्हादईचे पाणी कर्नाटकाला मिळवून दिल्याचे श्रेय आपल्या पक्षाकडे घेतले. कर्नाटकाची निवडणूक तेव्हा चार महिन्यांवर होती. गोव्याची आदल्या वर्षीच उरकली होती. कर्नाटकात लोकसभेच्या २८ जागा आणि गोव्यात २, हे गणित कोणत्याही राष्ट्रीय पक्षाला शिकवावे लागत नाही. गोव्यात कितीही मतांनी म्हादईचा कैवारी निवडून आला तरी हे गणित बदलत नाही. ते बदलण्याची शक्यता असलीच तर ती घाटमाथ्यावरील मतदारामुळे आहे.

मात्र त्या मतदाराकडे जाण्यापूर्वी आपले हात स्वच्छ आहेत की नाहीत हे पाहिले पाहिजे. सांबऱ्याचेच उदाहरण घेऊ. बेळगावच्या पूर्वेस असलेल्या या गावाचे नाव विमानतळामुळे आपल्याला परिचित आहे. १९६१च्या डिसेंबरात गोवामुक्तीच्या वेळी बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर हल्ला करणारी हंटर विमाने याच सांबऱ्याहून उडाली होती. त्या धावपट्टीच्या विस्तारासाठी परिसरातील शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या. शहराभोवतीच्या पिकाऊ शिवारातून जाणाऱ्या हलगा-मच्छे बाह्यवळण रस्त्याविरुद्ध शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे न्यायालयाची पायरी झिजविली. बळ्ळारी नाला पावसाळ्यात फुगून उभ्या भातात शिरतो तो वेगळाच. चोर्ला आणि अनमोडचा घाट उतरून जी भाजी पहाटे गोव्याच्या बाजारात येते ती बेळगावच्या शिवारातली. ते शिवार आकसत चालले तेव्हा गोव्यातील किती जणांनी दुःख केले? आमची नदी तुम्ही राखावी, तुमची जमीन गेली तर तो तुमचा प्रश्न, असे म्हणणाऱ्याला घाटावर कोण मत देईल?

सीमाभागाची आणखी एक अडचण आहे. तेथील मराठी माणसाने १९५६पासून आपले मत भाषेच्या प्रश्नासाठी राखून ठेवले. त्या निष्ठेचा अवमान करण्याचे आमच्या मनातही नाही. परंतु त्यामुळे मराठी शेतकऱ्याचे मत एका पेटीत आणि शेजारच्या कानडी शेतकऱ्याचे दुसऱ्या पेटीत गेले. नाल्याच्या पुरात दोघांचेही भात मात्र एकत्र बुडाले. पोटाचा प्रश्न भाषेची भिंत ओलांडू शकतो हे निपाणीने १९८१ साली दाखविलेले आहे. तंबाखूच्या भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी महामार्गावर बसले आणि गोळीबार झाला, तेव्हा गोळीने कोणाची मातृभाषा विचारली नव्हती. पाणी आणि जमीन हे त्याच जातीचे प्रश्न आहेत. मतदाराचे कूळ विचारत बसण्यापेक्षा त्याचे शेत कोणत्या नदीवर आहे, हे विचारणारा उमेदवार सीमाभागालाही हवा आहे.

असा उमेदवार गोव्यातून पाठवावयाचा नाही. विधानसभेला त्याच राज्याचा मतदार असावा लागतो, हा कायदाही तसे होऊ देणार नाही. आणि तशी गरजही नाही, कारण खानापूर-बेळगावकडे कळसा-भांडुरा योजनेला विरोध करणारी माणसे आहेत. भीमगडचे अरण्य तोडून मलप्रभेला पाणी पुरणार नाही, हे ती माणसे आपल्या लोकांना आपल्या भाषेत सांगत आली आहेत. गोव्यातील पर्यावरणवाद्यांनी त्यांच्याशी आजच बोलणी करावीत. म्हादईचे खोरे, भीमगडचे रान आणि बेळगावची पिकाऊ जमीन या तिन्हींचा एकच जाहीरनामा मराठी, कोंकणी आणि कन्नड भाषांत काढावा. त्यातील एकही शब्द घाट चढताना वा उतरताना बदलू नये. राष्ट्रीय पक्षांना नेमके हेच जमत नाही. पणजीत एक आणि बेळगावात दुसरे बोलणे त्यांना भागच पडते.

हा उमेदवार पहिल्या निवडणुकीत पडेल, बहुधा दुसऱ्याही. त्याची अनामत जाईल. पण खानापूरच्या बाजारात उभे राहून कोणीतरी म्हादईसाठी मत मागितले आणि पाच-दहा हजार लोकांनी ते दिले, तर पुढच्या वेळी त्या व्यासपीठावरून पाणी वळविण्याचे श्रेय घेताना मोठ्या पुढाऱ्याला क्षणभर थांबावे लागेल. तेवढा एक क्षण आजपर्यंत गोव्याला कोणत्याही ठरावाने मिळवून दिलेला नाही.