तंबाखूची तलफ आणि औषधाचा टेकू

तंबाखू सोडण्याचा विषय निघाला की आपल्याकडे एकच उपाय सांगितला जातो : मनाचा निश्चय. आम्हीही वीस वर्षे हेच सांगत आलो. यंत्रमागाच्या एका गेटसभेत आम्ही एका कामगाराला सर्वांसमक्ष डबी फेकायला लावली, शपथ घ्यायला लावली, टाळ्याही वाजविल्या. चौथ्या दिवशी तलफेने त्याला पुन्हा पानटपरीवर नेले. पुढे वर्षभर तो गृहस्थ आम्हांला चुकवून मागल्या फाटकाने ये-जा करी. त्याची तंबाखू सुटली नाही, युनियन मात्र सुटली. चूक त्याची नव्हती, आमची होती. ती कशी, हे आज सांगावयाचे आहे.

आम्ही डॉक्टर नव्हे. सातवीनंतरचे आमचे शिक्षण पाळी सुटल्यावर वाचनालयात झाले. पण जे उमगले ते साधे आहे. तंबाखूतील निकोटिन हे उत्तेजक द्रव्य आहे. ते झोप उडविते, भूक मारते. बारा तासांच्या रात्रपाळीत माणूस चिमूट मळतो तो चैनीखातर नव्हे. चुन्याचेही त्यात काम असते. चुन्यामुळे निकोटिन गालाच्या आतल्या अस्तरातून रक्तात सहज उतरते. वर्षानुवर्षे हे चालले म्हणजे मेंदूला त्या द्रव्याचीच सवय जडते. मग ते एकाएकी तुटले की चिडचिड, बेचैनी, झोपमोड, उदासी सुरू होते. पहिल्या आठवड्यात हा त्रास सर्वांत अधिक असतो. पुढील तीनचार आठवड्यांत तो बहुधा ओसरतो. आमचा कामगार नेमका त्या पहिल्या आठवड्यात पडला, यात नवल ते काय?

हे कठीण दिवस निभावून नेणे, हेच औषधाचे काम. त्याची जन्मकथाही ऐकण्याजोगी आहे. १९६७ साली स्वीडनमधील क्लास लुंडग्रेन या संशोधकाने ओव्हे फेर्नो या औषधशास्त्रज्ञाला पत्राने एक निरीक्षण कळविले. पाणबुडीत सिगारेट ओढण्यास बंदी असल्यामुळे खलाशी तेवढ्या काळापुरते तोंडातल्या तंबाखूवर भागवीत. यावरून विचार निघाला की, माणसाला हवे असते ते निकोटिन. मग ते धुरावाचून का देऊ नये? त्यातून निकोटिनचा च्युइंगगम तयार झाला आणि १९७८ साली स्वित्झर्लंडमध्ये त्याला प्रथम परवानगी मिळाली. म्हणजे हे औषध काम करणाऱ्या माणसांच्या सवयीकडे पाहून सुचलेले आहे.

युक्ती अशी : तंबाखूत माणसाला अडकविते ते निकोटिन, पण कर्करोग होतो तो मुख्यतः तिच्यातील इतर विषांनी. गम किंवा अंगाला लावावयाची पट्टी एकटे निकोटिन बेताने पुरविते, आणि काही आठवड्यांत त्याचेही प्रमाण उतरवीत न्यावयाचे असते. गम सुपारीसारखा सारखा चघळावयाचा नाही. चुरचुरू लागला की गालात ठेवावा, चुरचुर थांबली की पुन्हा चावावा. चहा पिऊन लगेच तो घेतला तर त्याचा गुण कमी होतो. मध्ये पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत. गुटख्याने ज्यांचे तोंड नीट उघडत नाही त्यांना पट्टी सोयीची. पण अशांनी आधी तोंडाची तपासणी करून घ्यावी.

याखेरीज बुप्रोपिऑन व व्हॅरेनिक्लीन अशा गोळ्या आहेत. व्हॅरेनिक्लीन मेंदूत निकोटिनची जागा अडविते आणि थोडी तलफही भागविते. मग चिमूट तोंडात टाकली तरी पूर्वीची लज्जत लागत नाही. या गोळ्या तंबाखू सोडण्याच्या आठवडाभर आधी सुरू करून पुढे साधारण बारा आठवडे घ्यावयाच्या असतात. मात्र ज्यांना फिट येतात त्यांना बुप्रोपिऑन चालत नाही, आणि मूत्रपिंडाचा विकार असल्यास व्हॅरेनिक्लीनची मात्रा बदलावी लागते. म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नये. डॉक्टरांची चिठ्ठी हवीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत निकोटिनची पर्यायी औषधे २००९ साली आणि या दोन्ही गोळ्या २०२१ साली आल्या. कोकेन किंवा ॲम्फेटामाइन यांसारख्या उत्तेजकांच्या व्यसनावर असे खात्रीचे औषध अजून हाती आलेले नाही. तंबाखूच्या बाबतीत ते आहे, तर ते वापरण्यात लाज कसली?

कोणी म्हणेल, हा कुबडीचा आधार झाला. आम्ही विचारतो, पाय मोडलेल्याला कुबडी नाकारून कोणी चालावयास शिकविले आहे काय? निश्चय हवाच, पण निश्चयाला टेकू लागतो. औषधाबरोबर धीराचे चार शब्द मिळाले तर यश वाढते, आणि पुन्हा चिमूट घेतली गेली तरी सारे बुडाले असे नसते.

२०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे २७ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करीत होते. इतक्या लोकांना केवळ उपदेशाने सोडविता येईल असे आम्हांला आता वाटत नाही. कामगाराच्या दवाखान्यात ही औषधे मिळावीत, डॉक्टरांना बोलावयास वेळ असावा आणि पाळी आठ तासांची असावी, या तीन मागण्या आम्ही एकत्रच मांडतो. कारण गोळी तलफ घटविते, पाळी घटवीत नाही.

मागल्या फाटकाने जाणाऱ्या त्या गृहस्थाच्या घरी आम्ही गेलो आणि त्याची क्षमा मागितली. नंतर दोघे मिळून डॉक्टरांकडे गेलो. तो मध्ये एकदा घसरला, पुन्हा उभा राहिला. आता तो पुढल्या फाटकाने येतो.