पोकळ वाद्याची पारख

मावळातल्या शाळांची एक सहल तरी मळवली स्टेशनावर उतरून भाज्याच्या लेण्यांकडे जातेच. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरलेल्या या लेण्यांतल्या एका विहाराच्या भिंतीवर एक नर्तकी आहे आणि तिच्याजवळ धनुष्यासारखी वाकलेली वीणा वाजवणारी व्यक्ती. ही वीणा विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवावी आणि एक प्रश्न विचारावा. आवाज तर तारेतून निघतो, मग तारवाद्याला पोट कशाला लागते?

'पोकळीमुळे आवाज वाढतो', हे ठरलेले उत्तर येईल. ते चूक नाही, पण अपुरे आहे. पोकळी ऊर्जा निर्माण करत नाही. बोटाने तारेला जेवढी ऊर्जा दिली तेवढीच वाद्याकडे असते. वाद्याचा दर्जा म्हणजे त्या ऊर्जेचे वाद्य काय करते, हा प्रश्न आहे.

तार, घोडी आणि तबली

नादकाटा वाजवून हवेत धरा. आवाज जेमतेम ऐकू येतो, पण बराच वेळ टिकतो. आता तो पुन्हा तितक्याच जोराने वाजवून त्याचा दांडा टेबलावर टेकवा. आवाज मोठा होतो, पण लवकर विरतो. ऊर्जा तीच, फक्त ती हवेत जाण्याचा वेग बदलला.

तारेचेही असेच आहे. तार इतकी बारीक असते की ती हलली तरी हवा तिच्या बाजूने निसटून जाते. म्हणून तारेचा कंप घोडीमार्फत एका रुंद, पातळ फळीला दिला जातो. तंबोऱ्यात आणि सतारीत तिला तबली म्हणतात. तबली भरपूर हवा ढकलते. तिच्यामागची कोंडलेली हवाही ठरावीक स्वरांना साथ देते, जशी तोंडावर फुंकर मारली की रिकामी बाटली एकच स्वर काढते.

यातच कारागिराची कोंडी आहे. तबली फार पातळ केली तर आवाज मोठा निघतो, पण तो टिकत नाही. शिवाय तारांच्या ताणाने तबली खचण्याची भीती. फार जाड केली तर वाद्य टिकाऊ होते, पण मुके. चांगले वाद्य या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असते. ती जागा प्रत्येक लाकडाच्या तुकड्याला वेगळी असते, म्हणून कारागीर लाकूड ठोकून पाहतो आणि घासत जातो.

मिरजेची रीत

महाराष्ट्रात ही विद्या मिरजेत मुरली. शस्त्रे घडवणारी, त्यांना धार लावणारी शिकलगार मंडळी एकोणिसाव्या शतकात, शस्त्रांची मागणी ओसरल्यावर, वाद्यांकडे वळली. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यांतले आद्य नाव. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. त्यांचा कान चोखंदळ होता आणि वाद्यदुरुस्तीत त्यांचा स्वतःचाही हात चाले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

तंबोऱ्याचे पोट म्हणजे वाळवलेला कडू भोपळा. तो पंढरपूरकडच्या भागातून येतो. तो निवडण्यामागे चांगले विज्ञान आहे. गोलाई असलेले कवच हलके असूनही ताठ असते (अंडे मुठीत दाबून पाहा), आणि त्याला जोड नसतो. दांडी आणि तबलीसाठी तूण लाकूड वापरतात. ते हलके असते आणि नीट मुरले की आकार धरून राहते.

शेवटचे काम जवारीचे. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा धारदार नसतो. तो रुंद आणि किंचित उतरता असतो. तार कंप पावताना या माथ्याला पुन्हा पुन्हा स्पर्श करते आणि त्यातून वरचे स्वर उमटत राहतात. तारेच्या एखाद्या निस्पंद बिंदूवर छेडले तर तिथले विशिष्ट वरचे स्वर उमटू नयेत, असे नियम सांगतो. तंबोऱ्यात तेही ऐकू येतात, ही गोष्ट चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिली. कानसने काढलेला केसाएवढा उतार एवढा फरक करतो.

पाऊस लागलेले लाकूड

कारागिराने सगळे नीट केले तरी एक परीक्षा उरते, हवामानाची. मिरज कमी पावसाच्या पट्ट्यात आहे. लोणावळ्यात मात्र वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जुलैत भिंतीसुद्धा ओलावतात.

लाकूड हवेतली वाफ शोषते. हवेची सापेक्ष आर्द्रता ४० टक्के असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी असते. आर्द्रता बराच काळ ९० टक्के राहिली तर ते २० टक्क्यांपर्यंत जाते. लाकूड फुगते ते रेषांच्या आडवे. रेषांच्या दिशेने जवळजवळ नाहीच. पाणी १ टक्का वाढले की आडवी रुंदी साधारण ०.२ टक्के वाढते, असे धरू. ३० सेंटिमीटर रुंद तबलीत पाणी ८ टक्क्यांनी वाढले, तर ती सुमारे ५ मिलिमीटर रुंद व्हायला पाहते. कडा तर सरसाने चिकटवलेल्या! मग तबली फुगवटा धरते, घोडी वर उचलली जाते, जवारी बिघडते. ओलीने सरसही मऊ पडतो. उन्हाळ्यात उलट घडते. तबली आकसते आणि रेषेवर चीर जाते. बाहेरून लाखेचे पॉलिश असते, पण आतली बाजू बहुधा कोरीच असते. दोन बाजू वेगवेगळ्या वेगाने पाणी घेतात, त्यानेही फळी वाकते.

जपानी उत्तर

याच अडचणीचे दुसरे एक उत्तर जॅझ संगीतात वापरल्या जाणाऱ्या पोकळ गिटारींत दिसते. अमेरिकेत गिब्सन कंपनीने १९२२ साली एल-५ ही गिटार काढली. तिची वरची फळी अखंड लाकडातून कोरलेली असे. १९४९ साली त्याच कंपनीने ईएस-१७५ काढली. हिची फळी पातळ थर एकावर एक चिकटवून केलेली, म्हणजे प्लायवुडची. प्रत्येक थराच्या रेषा शेजारच्या थराच्या रेषांना काटकोनात असतात. एक थर ज्या दिशेने फुगू पाहतो त्या दिशेने दुसरा फुगत नाही, आणि त्याला धरून ठेवतो.

जपानच्या मात्सुमोतो शहरात फुजिगेन हा कारखाना १९६० साली सुरू झाला. तिथे आयबानेझ या नावाच्या गिटारी बनत. सत्तरच्या दशकात जपानी कारखान्यांनी अमेरिकी नमुन्यांच्या नकला इतक्या चांगल्या केल्या, की १९७७ साली गिब्सनच्या मालक कंपनीने अमेरिकेत दावा लावला. दावा होता गिटारीच्या डोक्याच्या आकारावर. घडणीत वरचढ कोण, हे काही कोर्टाने ठरवायचे नव्हते. ते वादक ठरवत होते. त्याच वर्षी आयबानेझने जॉर्ज बेन्सन या वादकासाठी लहान पोटाची गिटार काढली. पोकळ गिटार लाऊडस्पीकरजवळ वाजवली की स्पीकरच्या आवाजाने तिची फळी हलते आणि शीळ घुमते. पोट लहान केले की हा त्रास कमी होतो.

प्लायवुडचे सोंग नको म्हणणारे बरेच भेटतील. त्यात तथ्य आहे. प्लायवुड ताठ आणि जड असते, त्याचा स्वतःचा आवाज कोरलेल्या अखंड फळीइतका खुलत नाही. विजेवर वाजणाऱ्या गिटारीला ते चालते, तंबोऱ्याला चालणार नाही. दर्जा कशासाठी, हे आधी ठरवावे लागते.

वर्गात करून पाहा

एकाच रुंद फळीतून ३० सेंटिमीटर लांबीच्या दोन पट्ट्या कापून घ्या. एक रेषांच्या दिशेने, दुसरी आडवी. तिसरी पट्टी प्लायवुडची. मे महिन्यात स्टीलच्या पट्टीने लांबी मोजा, वजनही करा. ऑगस्टमध्ये पुन्हा मोजा. मावळातल्या शाळांना या प्रयोगासाठी पावसाएवढे चांगले उपकरण दुसरे मिळणार नाही.

शाळेसाठी वाद्य घेताना हेच ज्ञान उपयोगी पडते. दांडी डोळ्याच्या रेषेत धरून वाक पाहा. तबलीच्या रेषा सरळ, जवळजवळ आहेत का पाहा. भोपळा आणि गळा यांच्या जोडावर बोट फिरवा. लाकूड किती वर्षे मुरले, हे विचारायला संकोचू नका. घाईने वाळवलेले लाकूड पहिल्याच उन्हाळ्यात आपले खरे रूप दाखवते. वाद्य आणल्यावर ते बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, पावसाळ्यात गवसणीत ठेवा, आणि ओलावले तर एकदम उन्हात काढू नका. पाणी हळूहळू आत गेले, तसेच ते हळूहळू बाहेर जाऊ द्यावे.